तीन पिना

मानवतच्या जिनिंगवर बोलावणं आलं रात्री साडेनवाला.
काट्याचा कॉम्प्युटर बसला होता.
बाहेर कापसाच्या सतरा गाड्या, इंजिनं बंद,
ड्रायव्हर टायरला टेकून तंबाखू मळत होते.
मुनीम शिवलिंगअप्पा म्हणाला,
"वजनच होईना गेलंय. बघ बरं काय ते."

विंडोज उडालं होतं. त्यात नवल नाही.
माझ्याकडं सीडी होती,
मार्करनं लिहिलेली : एक्सपी, चालू आहे.
बनियनला पुसून ट्रेमध्ये ठेवली.
पण मशीन तिच्याकडं बघेना.
दर वेळी आधी हार्डडिस्कच्याच दारात जाऊन उभं राही,
आत कुणी नाही तरी.
हा क्रम बदलावा म्हणून डिलीटची कळ दाबली,
तर निळ्या पडद्यावर लाल चौकट :
पासवर्ड.

लावला होता मागच्या हंगामातल्या ऑपरेटरनं,
पाथरीच्या माणिक गिरामनं.
पगार दिवाळीनंतर देऊ म्हणाले,
तो दिवाळीआधीच निघून गेला.
फोन एका बाईनं उचलला :
"चाकणला रातपाळीला गेलेत. आले की सांगते."

मग बसलो अंदाज करत.
मालकाचं नाव. मालकाच्या पोरीचं.
एक दोन तीन चार.
अप्पा म्हणाला, "कापूस टाक." टाकला.
वॉचमन दारातून म्हणाला,
"त्याच्या गावाकडं एक कुत्री होती, चिंगी."
तीही टाकली.
तीन चुका झाल्या की मशीन थिजायचं,
बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी डबाच खोलला.
पंख्याला एवढी रुई गुंडाळलेली
की महिनाभराच्या वाती झाल्या असत्या.
एक पाल, वाळून कागद झालेली.
कोपऱ्यात रुपयाएवढा सेल,
शेजारी तीन पिना,
त्यातल्या दोघींवर मिळून एक काळी टोपी.
कुलूप म्हणायचं ते एवढंच.

वायर काढली. बटण दाबून धरलं,
अंगात राहिलेली वीज जावी म्हणून.
टोपी उचलून पुढच्या दोन पिनांवर घातली.
सेल मुठीत घेतला. कोमट होता.
"किती वेळ?"
"एक विडी ओढा, तेवढा."
"येडा का काय, जिनिंगात विडी?"
मग त्यानं शंभर अंक मोजले,
मापाडी पायल्या मोजतो तसे, एकाला लाभ म्हणून.

त्या शंभरात मला माझं दुकान आठवलं.
माणिक आला होता एकदा, चहा त्यानंच पाजला.
पासवर्ड कसा लावायचा, हे विचारलं.
दाखवलं मी.
जाताना पायरीवर थांबून म्हणाला,
"दादा, कुणाला काढता येतो का हा?"
मी म्हणालो, "नाही."

टोपी जागेवर, सेल जागेवर. एक बारीक शीळ.
लाल चौकट आलीच नाही.
सीडीला पहिला नंबर दिला, ती आत घरघरू लागली.
पडद्यावर : सुरू करायला कोणतीही कळ दाबा.
"कोणती?" अप्पानं विचारलं.
कोणतीही म्हणालो तरी तो
बोट वर धरून बराच वेळ शोधत राहिला.

काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हला शाबूत निघालं.
मध्येच तारीख विचारली होती,
मी घाईत एंटर मारला.
साडेबाराला पहिली गाडी प्लेटवर चढली.
पावती निघाली : बत्तीस क्विंटल चाळीस,
एक जानेवारी दोन हजार तीन.

ड्रायव्हरनं ती बल्बखाली धरली.
"हे कामून आसं? तवा तर ही गाडी दादा चालवायचा."
अप्पा म्हणाला, "वजन बघ, तारखेला काय करतोस."
त्यानं घडी घालून वरच्या खिशात ठेवली,
बदलून द्या म्हणाला नाही.
पुढच्या गाडीआधी मी तारीख लावली.

सकाळी सहाला फोन.
मागं कंपनीच्या बसचा आवाज.
"दादा, मी माणिक. निघाला का वो पासवर्ड?"
सेलचा गोल वण अजून तळहातावर आहे असं वाटलं.
नव्हता, मी पाहिलं.
"नाही," म्हणालो.
"मग अप्पाला सांगा, आधी पगार."
"सांगतो," म्हणालो,
आणि गाडीला किक मारली, पुन्हा जिनिंगकडं.